टॅबलेट कोणी धरायचा?

२९ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटलला लागून असलेल्या कर्कलंड गावातल्या 'लाइफ केअर सेंटर' या नर्सिंग होममध्ये कोरोना शिरल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. पुढच्या अठरा-एकोणीस दिवसांत या एका इमारतीशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले. त्यांत १०१ जण तिथे राहणारे होते, ५० कर्मचारी होते आणि १६ जण फक्त भेटायला येऊन गेलेले होते. लागण झालेल्या रहिवाशांपैकी दर तिघांत एक दगावला.

त्या दिवसांत कर्कलंडची छायाचित्रं जगभर छापून आली. इमारतीच्या बाहेर, खिडकीखालच्या झुडपांत पाय रोवून माणसं उभी आहेत. कानाला मोबाइल आहे, दुसरा तळहात काचेवर टेकलेला आहे. काचेच्या आत पलंगावर कुणाची आई आहे, कुणाचा नवरा आहे. महामारीच्या काळात नर्सिंग होममध्ये वापरलेलं पहिलं तंत्रज्ञान हेच होतं, खिडकीची काच आणि साधा फोन. पण त्या चित्रांत सहसा न दिसणारं एक माणूस होतं. नव्वदीतल्या, हात थरथरणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या आजींचा फोन लावून द्यायचा, त्यांच्या कानाशी धरायचा आणि पलीकडे लेक आहे हे तीनदा सांगायचं काम ते माणूस करत होतं. या प्रकरणात यंत्रं पुष्कळ येतील. मला मात्र प्रत्येक यंत्राजवळ थांबून तेच माणूस शोधायचं आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं दुमजली खासगी रुग्णालय, बहुतेकदा प्रसूतीचं. १९४९ सालच्या आपल्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातही 'नर्सिंग होम' आहे ते याच जातीचं. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. ज्यांना स्वतःची आंघोळ, जेवण, कूस बदलणं जमत नाही अशी माणसं तिथे महिनोन्‌महिने, कित्येकदा अखेरपर्यंत राहतात. आपल्या वृद्धाश्रमापेक्षा ते अधिक वैद्यकीय असतं आणि रुग्णालयापेक्षा कमी. डॉक्टर तिथे रोज नसतो. नियमाप्रमाणे पहिले तीन महिने दर ३० दिवसांनी आणि नंतर दर ६० दिवसांनी त्याने रुग्णाला भेटलं की पुरतं. बाकी सगळा भार परिचारिकांवर, आणि त्यांच्याहीपेक्षा 'नर्सिंग असिस्टंट' म्हणवल्या जाणाऱ्या मदतनिसांवर. आपल्या रुग्णालयात ज्यांना आपण मावशी म्हणतो, त्यांचंच हे काम. भरवणं, पुसणं, उचलणं आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस वळवणं. यातलं एकही काम सहा फुटांवरून करता येत नाही.

अमेरिकेत अशी सुमारे १५ हजार नर्सिंग होम आहेत आणि त्यांत तेरा लाखांच्या आसपास माणसं राहतात, म्हणजे लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी फेब्रुवारी २०२२ पर्यंत दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांमधले रहिवासी आणि कर्मचारी मिळून कोरोनाच्या बळींची संख्या दोन लाखांवर गेली होती. १३ मार्च २०२० ला केंद्र सरकारने या सगळ्या घरांचे दरवाजे भेटीला येणाऱ्यांसाठी बंद केले. त्या दिवसापासून बाहेरच्या जगाशी जे काही नातं उरलं, ते तारेतून किंवा तारेविना.

अशा वेळी ही घरं यंत्रांच्या बाबतीत किती सज्ज होती? फारशी नव्हती, आणि त्यामागे एक जुना निर्णय होता. २००९ मध्ये अमेरिकेने रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणण्यासाठी मोठा कायदा केला आणि त्यापोटी रुग्णालयांना व डॉक्टरांना अब्जावधी डॉलर प्रोत्साहन म्हणून दिले. नर्सिंग होमना त्यातून वगळण्यात आलं. रुग्णालयातून म्हाताऱ्या माणसाला नर्सिंग होममध्ये परत पाठवलं, की त्याची कागदपत्रं अनेकदा फॅक्सने किंवा पाकिटात घालून येत. त्या कायद्यानंतर अकरा वर्षांनी महामारी आली, तेव्हा वगळलं जाण्याची किंमत वसूल झाली. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नर्सिंग होमवर जो मोठा अहवाल काढला, त्यात या घरांच्या संगणकीय नोंदींसाठी आर्थिक मदत द्या, ही शिफारस आली. माझ्या मते ती किमान दहा वर्षं उशिरा आली.

संगणकातल्या नोंदींनी काय फरक पडतो, हे तापाच्या गोष्टीवरून कळतं.

२०२० च्या वसंतात जगभर प्रत्येक दारात पिस्तुलासारखा तापमापक घेऊन कुणीतरी उभं होतं. शरीराचं तापमान ३८ अंश सेल्सिअस ओलांडलं की माणूस संशयित, अशी ढोबळ रेषा ठरली होती. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी नर्सिंग होम आहेत. तिथे नोंदी फार पूर्वीपासून संगणकावर आहेत. संशोधकांनी तिथल्या कोरोनाबाधित रहिवाशांची तापमानं काढून पाहिली, तेव्हा चाचणीच्या सुमारास ३८ अंशांची रेषा जेमतेम चौथ्या हिश्श्याने ओलांडलेली आढळली. बाकीचे त्या रेषेखालून सुटले असते. कारण साधं आहे. वय झालं की शरीराचं नेहमीचं तापमानच खाली आलेलं असतं आणि संसर्गाला उत्तर म्हणून ते फारसं चढतही नाही. एरवी ३६ अंशांवर असणाऱ्या आजोबांना ३७.३ म्हणजे चांगलाच ताप. पण हे कळायला त्यांचं एरवीचं तापमान माहीत पाहिजे. म्हाताऱ्या माणसाचा ताप त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीशी ताडून पाहावा, हे वैद्यकाला आधीपासून माहीत होतं. ते ताडून पाहण्यासाठी लागणारी रोजची नोंद हाताशी नव्हती. महागड्या तापमापकापेक्षा तारीखवार लिहिलेली वही इथे जास्त उपयोगी आणि ती वही संगणकात असेल तर तो आपणहून हाक देऊ शकतो.

लक्षणांवर भरवसा ठेवण्यातला धोका त्याच सुमारास आणखी स्पष्ट झाला. कर्कलंड ज्या किंग परगण्यात येतं, तिथल्याच दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये मार्चमध्ये सरसकट चाचण्या झाल्या. तपासणीत सामील झालेल्या ७६ रहिवाशांपैकी ४८ बाधित निघाले आणि त्यांतल्या २७ जणांना चाचणीच्या वेळी एकही लक्षण नव्हतं. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या २४ जणांना लक्षणं दिसू लागली. म्हणजे खोकल्याची वाट पाहत बसलं तर विषाणू निम्म्या घरात फिरून आलेला असतो.

उपाय एकच, चाचणी. आणि तीही वारंवार, मुख्यतः कर्मचाऱ्यांची, कारण दरवाजा बंद झाल्यावर आत-बाहेर करणारे तेवढेच उरले होते. २०२० च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेचा निकाल यायला कित्येक दिवस लागत. मंगळवारी नमुना दिलेली मदतनीस रविवारी बाधित ठरायची आणि मधले दिवस ती लोकांना भरवत असायची. जुलैमध्ये अमेरिकी सरकारने नर्सिंग होमना जागेवर प्रतिजन चाचणी करणारी छोटी यंत्रं पाठवायला सुरुवात केली. ऑगस्टच्या अखेरीस 'बायनॅक्स नाऊ' ही पुठ्ठ्याच्या पत्त्यासारखी चाचणी आली. यंत्र नको, १५ मिनिटांत निकाल. सरकारने तिचे १५ कोटी संच सुमारे ७६ कोटी डॉलरना विकत घेतले आणि त्यांतले बरेच या घरांकडे वळवले. पुढे १३ हजारांहून अधिक नर्सिंग होमच्या आकडेवारीचा अभ्यास झाला. जिथे कर्मचाऱ्यांच्या चाचण्या जास्त वेळा झाल्या, तिथे रहिवाशांमधली लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होते आणि लस येण्याआधीच्या काळात हा फरक सर्वांत मोठा होता.

सरकारी यंत्रांबरोबर सुरुवातीला थोडेच संच आले, पुढचे घराने विकत घ्यायचे होते. प्रत्येक निकाल सरकारला कळवायचा होता. हे सगळं करणार कोण? तीच परिचारिका, जिच्या दोन सहकारी आजारी पडल्यामुळे घरी होत्या. नाकात काडी फिरवायला दोन मिनिटं लागतात, पण शंभर कर्मचाऱ्यांच्या नाकात आठवड्यातून दोनदा फिरवायची आणि दोनशे ओळी भरायच्या, तर त्यासाठी वेगळा माणूस लागतो. यंत्रासोबत तो माणूस कुणी पाठवला नव्हता.

आता जरा वेगळ्या दिशेला, हवेकडे. मला या साऱ्या विषयात सर्वांत शिकवून जाणारी घटना नेदरलँड्समधली वाटते. २०२० च्या उन्हाळ्यात, देशात साथ ओसरलेली असताना, तिथल्या एका नर्सिंग होममध्ये अचानक उद्रेक झाला. घराचे सात विभाग होते. त्यांतल्या एकाच विभागात २१ पैकी १७ रहिवासी आणि ३४ पैकी १७ कर्मचारी बाधित झाले. बाकीच्या सहा विभागांत ९५ रहिवासी आणि १०६ कर्मचारी होते. तिथे एकालाही लागण झाली नाही. कर्मचारी शुश्रूषा करताना मास्क लावत होते. मग या एकाच विभागात काय घडलं?

त्या विभागात नुकतीच वीज वाचवणारी नवी वायुवीजन यंत्रणा बसवली होती. तिची रचना हुशारीची होती. खोलीत माणसं असली की त्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड वाढतो. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण ४२० असतं. खोलीत ते १००० च्या वर गेलं, की यंत्रणा बाहेरची ताजी हवा आत घेणार आणि तोवर आतलीच हवा फिरवत राहणार. शाळेच्या वर्गात किंवा सभागृहात हे चाललं असतं. इथे मात्र दिवाणखान्यात शांत बसलेली मोजकी म्हातारी माणसं होती. त्यांचा श्वास मंद. कार्बन डायऑक्साइड हजारापर्यंत जातच नव्हता. म्हणून झडपा उघडल्याच नाहीत आणि न गाळलेली तीच हवा खोलीभर फिरत राहिली. दिवाणखान्यातल्या वातानुकूलन यंत्राच्या जाळीवरच्या धुळीत नंतर विषाणूचे अंश मिळाले. यंत्रणेत बिघाड काहीच नव्हता. तिला नेमून दिलेलं काम ती चोख करत होती आणि ते काम वीज वाचवण्याचं होतं.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून आणि ब्रिटिश काळातल्या रुग्णालयांतून उंच छतं, समोरासमोर खिडक्या आणि वरचे झरोके असत. हवा खेळती राहावी, हे त्या काळच्या गवंड्यालाही कळत होतं. थंड देशांतल्या बंदिस्त इमारतींना ही सोय यंत्राने करून घ्यावी लागते. २०२१ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने नर्सिंग होमना हवा गाळणारी फिरती यंत्रं आणि पंखे घेण्यासाठी प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंत निधी मागण्याची मुभा दिली. त्या यंत्रांतला हेपा गाळणी-कागद ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हे यंत्र कुणी धरावं लागत नाही, त्याला पासवर्ड नाही, ते शिकवावं लागत नाही. ते घोंघावतं तेवढं, आणि कमी ऐकू येणाऱ्यांना त्या घोंघाटाचा त्रास होतो. म्हणून ते कोपऱ्यात कुठे ठेवायचं आणि कोणत्या वेगावर चालवायचं, हे तिथल्या मावशीला विचारून ठरवायला हवं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तिला ते वास्तुविशारदापेक्षा बरोबर सांगता येईल.

विषाणू घरात येत होता तो मात्र हवेतून उडत नव्हे. तो माणसांबरोबर येत होता. कर्कलंडच्या तपासातच हे लक्षात आलं होतं की काही कर्मचारी आजारी असताना कामावर येत होते आणि काही जण एकाहून अधिक घरांत काम करत होते. मार्चच्या मध्यापर्यंत किंग परगण्यातल्या ३० संस्थांमध्ये कोरोना पोचला होता. पण देशभरात किती कर्मचारी असे दोन-तीन घरांत काम करतात, याची यादी कुठल्याच सरकारी खात्याकडे नव्हती.

ती यादी मोबाइल फोनांनी दिली. कीथ चेन, ज्युडिथ शेव्हॅलिए आणि एलिसा लाँग या संशोधकांनी, नाव-गाव पुसून टाकलेल्या कोट्यवधी स्मार्टफोनांची ठिकाणं तपासली. भेटींवर बंदी आल्यानंतरच्या अकरा आठवड्यांत जो फोन एखाद्या नर्सिंग होममध्ये तासभर तरी होता, तो दुसऱ्या कुठल्या नर्सिंग होममध्येही गेला का? अशा फोनांचं प्रमाण ५.१ टक्के निघालं. आकडा लहान दिसतो. पण जाळं विणून पाहिलं तेव्हा एकेक घर सरासरी सात दुसऱ्या घरांशी जोडलेलं दिसलं. ज्या घराचे असे धागे जास्त, तिथे रुग्ण जास्त. सरकार घरांना दर्जाचे तारे देतं, त्यांचा साथीशी फारसा संबंध सापडला नाही. हे धागे तोडता आले असते तर नर्सिंग होममधली लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली असती, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

एवढं सगळं फोनने दाखवलं. एखादी मदतनीस बाई दोन घरांत का जाते, हे सांगायला फोन लागत नाही. एका ठिकाणच्या पगारात भाडं निघत नाही, आणि मालक अनेकदा पूर्णवेळ नोकरी देत नाही, कारण मग तिला आरोग्य विमा आणि रजा द्यावी लागते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० च्या अखेरीसच 'एका कर्मचाऱ्याने एकाच घरात काम करायचं' असा आदेश काढला आणि त्याबरोबर सगळ्या घरांतले पगार वरच्या पातळीवर समान केले. आदेश आणि पगार या दोन गोष्टी एकत्र आल्या. मला हे या साऱ्या काळातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं. फोनच्या आकडेवारीतून निघालेलं अनुमान एखाद्या बाईच्या पाकिटापर्यंत पोचलं तरच विषाणूचा रस्ता अडतो. नुसतं तिच्यावर पाळत ठेवली, तर ती एवढंच करेल की दुसऱ्या घरी जाताना फोन घरी ठेवेल.

दूरचिकित्सेची, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरला दाखवण्याची सोय अमेरिकेत तंत्राच्या दृष्टीने कधीचीच होती. अडत होतं ते नियमांत. सरकारी विम्यातून अशा तपासणीचे पैसे मिळायचे ते प्रामुख्याने ग्रामीण भागात, आणि नर्सिंग होममधल्या रुग्णासाठी तीस दिवसांतून एकदाच. मार्च २०२० मध्ये या अटी काही दिवसांत उठल्या. इतकंच काय, घरगुती वापराच्या फेसटाइम, स्काइपवरून तपासलं तरी दंड होणार नाही, असं सरकारने सांगितलं.

या सोयीचं मोल म्हातारपणात वेगळंच असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मध्यरात्री रुग्णवाहिकेत घालून अनोळखी रुग्णालयात नेलं, की तो भांबावतो, हातातली सलाइनची सुई उपसतो, पडतो. परत येतो तेव्हा आधी येत असलेली दोन कामंही त्याला येईनाशी झालेली असतात. ती फेरी टळली तर मोठी गोष्ट, आणि महामारीत तर रुग्णालय हेच संसर्गाचं ठिकाण होतं.

पण पडद्यावरचा डॉक्टर पोट दाबून पाहू शकत नाही. त्याच्या वतीने ते कुणीतरी दाबायचं असतं. छातीला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप लावायचा, बोटाला ऑक्सिमीटर, पायाची सूज कॅमेऱ्यासमोर धरायची आणि सांगायचं की काल यांनी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, आज एकही घास नाही. हे शेवटचं वाक्य कोणत्याच यंत्रातून येत नाही. हार्वर्डचे डेव्हिड ग्राबोव्स्की आणि त्यांचे सहसंशोधक जेम्स ओमॅली यांनी महामारीच्या आधीच, २०१४ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या एकाच कंपनीच्या ११ नर्सिंग होमचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या काही घरांना रात्री आणि सुटीच्या दिवशी दूरचिकित्सा मिळत होती. यंत्रं तीच, डॉक्टर तेच. तरी ज्या घरांतल्या परिचारिकांनी ती मनापासून वापरली, तिथेच रुग्णालयात पाठवण्याचं प्रमाण घटलं आणि ज्यांनी फारशी वापरली नाही त्यांच्या तुलनेत दरवर्षी घरामागे सुमारे दीड लाख डॉलर वाचले. यंत्र नुसतं खोलीत आणून ठेवल्याने काही घडलं नव्हतं.

मग परिचारिकेला मनापासून वापरावंसं वाटेल असं काय करायचं? इथे एका डॉक्टरांची ओळख करून द्यायला हवी, ज्यांचं वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झालं. संजीव अरोरा हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृतविकारांचे तज्ज्ञ. २००३ च्या सुमारास त्यांच्याकडे हेपेटायटिस-सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावं लागे आणि लोक शेकडो मैल गाडी चालवत येत. त्यांनी रुग्णांना जवळ आणण्याऐवजी आपलं ज्ञान गावोगावच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आठवड्यातून एकदा सगळे व्हिडिओवर जमायचे, एकेक जण आपला रुग्ण मांडायचा, सगळे मिळून विचार करायचे. याला 'प्रोजेक्ट एको' म्हणतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठात बरे झालेले रुग्ण होते ५७.५ टक्के आणि गावांत व तुरुंगांतल्या दवाखान्यांत ५८.२ टक्के.

२०२० च्या शरदात हीच पद्धत नर्सिंग होमसाठी देशभर सुरू झाली. १६ आठवड्यांचा क्रम, दर आठवड्याला एक बैठक, आणि नऊ हजारांहून अधिक घरं त्यात आली. विषय रोजचेच. मास्क कमी आहेत तर कुठे आधी द्यायचे, बाधितांचा विभाग वेगळा कसा करायचा, सहकाऱ्याचा मृत्यू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाळी कशी लावायची. भाग घेणाऱ्या घराला या वेळेपोटी ६,००० डॉलर दिले गेले. परिचारिकेने शिकण्यात घालवलेला तास हाही कामाचाच तास आहे, हे त्या पैशांनी मान्य केलं.

आता शेवटी टॅबलेट. एप्रिल २०२० मध्ये सरकारने सांगितलं, की घरच्यांशी बोलण्यासाठी टॅबलेट किंवा वेबकॅम घ्यायला प्रत्येक नर्सिंग होमला ३,००० डॉलरपर्यंत मिळतील. पैसे आले होते नियम मोडणाऱ्या नर्सिंग होमना ठोठावलेल्या दंडातून. सात ते दहा रहिवाशांमागे एक उपकरण, असं प्रमाण ठरलं. जरा हिशेब करू. शंभर रहिवासी आहेत, दहा टॅबलेट आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून एकदाच, वीस मिनिटं बोलायचं आहे. आधी चष्मा शोधायचा, श्रवणयंत्राची बॅटरी पाहायची, उशी टेकवून बसवायचं, फोन लावायचा आणि नंतर टॅबलेट जंतुनाशकाने पुसायचा. त्याला दहा मिनिटं धरू. झाले पन्नास तास. एका माणसाच्या आठवड्याच्या नोकरीपेक्षा जास्त. शिवाय स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांना त्या चौकटीतला चेहरा आपल्या मुलाचा आहे हे उमगेलच असं नाही. ते टॅबलेटच्या मागे हात घालून त्याला शोधतात. तेव्हा वीस मिनिटं कुणीतरी शेजारी बसून सांगत राहावं लागतं. आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डातल्या ब्रदरने स्वतःच्या मोबाइलवरून कुणाच्या आईचं तोंड दाखवलं असेल, तर तो क्षण त्या घरात आजही सांगितला जातो. तो मोबाइल कोणत्या कंपनीचा होता, हे कुणाला आठवत नाही.

माणूस कमी पडतो म्हणून यंत्रमानवाकडे वळणारेही आहेत. जपानचे ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला 'पॅरो' हा पांढऱ्या केसाळ सीलच्या पिलासारखा यंत्रप्राणी कुरवाळला की मान वळवतो, आवाज करतो. ऑस्ट्रेलियात २८ संस्थांतल्या ४१५ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर त्याची नीट चाचणी झाली. काहींना चालू पॅरो दिला, काहींना तसाच दिसणारा पण बंद केलेला, काहींना नेहमीचीच शुश्रूषा. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पॅरोने अस्वस्थता थोडी कमी झाली. बंद पॅरोशी तुलना केल्यावर मात्र चालू पॅरोकडे लोक जास्त पाहत आणि बोलत, एवढाच काय तो ठळक फरक उरला. हजारो डॉलर किमतीच्या यंत्राबद्दल निर्णय घेताना हे लक्षात ठेवलेलं बरं. मऊ, उबदार, मांडीवर मावणारं काहीतरी माणसाला हवं असतं, असं त्या चाचणीवरून मला वाटतं.

आणि ती ऊब परत देण्याचे प्रयत्न झाले. मे २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये २६ नर्सिंग होमची दारं नियम पाळून उघडून पाहिली. प्रत्येक रहिवाशामागे एकच ठरलेला पाहुणा. लागण वाढली नाही आणि रहिवाशांचं मन सावरताना दिसलं. अमेरिकेत भेटींवरची सरसकट बंधनं उठायला १२ नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात इटलीतल्या कास्तेलफ्रान्को व्हेनेतो या गावच्या नर्सिंग होमने मिठीची खोली उभारली. ब्राझीलमध्ये मिठीचा पडदा आला. पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड पडदा, त्याला दोन्ही बाजूंनी बाह्या शिवलेल्या. बाहीत हात घालायचा आणि पडद्यापलीकडच्या माणसाला कवेत घ्यायचं. नंतर पडदा पुसायचा.

डेन्मार्कचे छायाचित्रकार मॅड्स निसेन यांनी ५ ऑगस्ट २०२० ला साओ पाउलोतल्या एका घरात अशा मिठीचं छायाचित्र टिपलं. पुढच्या वर्षी ते वर्षातलं सर्वोत्तम वृत्तछायाचित्र ठरलं. ८५ वर्षांच्या एका आजींचे डोळे मिटलेले आहेत, पडद्याच्या पिवळ्या कडा दोन्हीकडे पंखांसारख्या पसरल्या आहेत. पाच महिन्यांत त्यांना कुणी जवळ घेतलं नव्हतं. त्यांना मिठीत घेणारी बाई त्यांची मुलगी नाही. ती तिथली परिचारिका आहे.